सात किलोतला कपडेपट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्याला मावसबहिणीचं लग्न आहे. लग्न आणि दुसऱ्या दिवशी रिसेप्शन झालं की आई आणि मी तिथूनच गंगटोक, दार्जिलिंग करून येणार. नाशिकहून निघाल्यापासून परत येईपर्यंत ११ दिवस. मुंबई–कोलकाता, कोलकाता–बागडोगरा, बागडोगरा–मुंबई ही तिन्ही विमानं फक्त केबिन बॅगेवर करायची आहेत, कारण डोंगरातल्या होमस्टेला पायऱ्या फार आणि आईचे गुडघे दुखतात. आई ६४ वर्षांची, रोज साडीच नेसते. माझी एकटीची यादीच १३ किलोवर गेली आहे. काय काढू? आणि आईला ट्रॉली द्यावी की पाठीवरची बॅग?"

मी गेली २६ वर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळते. दौरा विमानाचा असला की मंडळींच्या चेक-इनचं बहुतेक वजन नाटकालाच लागतं. नऊवारी साड्या, शेले, कोट, विग, दागिन्यांचे डबे, सगळं त्यात जातं. कपडेपटवालीने स्वतःचे कपडे हातातल्या बॅगेत बसवायचे, हे सुरुवातीलाच ठरून गेलेलं. त्यामुळे सात किलोत दोन आठवडे नीटनेटकं कसं राहायचं हे मला गरजेपोटी शिकावं लागलं, आणि त्यातलं बरंचसं मी नाटकाच्याच कपड्यांकडून शिकले.

"काय काढू" हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. तेरा किलोंतून एकेक कपडा काढत तुम्ही सातवर आलात, तर हातात उरतील ते एकमेकांशी न जुळणारे सात किलो. मग तिथे गेल्यावर हा कुर्ता त्या पॅंटवर चालत नाही, ही ओढणी एकाच ड्रेसची आहे, असं होऊन बॅग भरलेली असूनही घालायला काही सापडत नाही. तुमची खरी अडचण अशी आहे की एका बॅगेला तीन हवामानं आणि दोन भूमिका सांभाळायच्या आहेत. कोलकात्याला दुपारी पंचवीस-सव्वीस अंश, संध्याकाळी सुखद गारवा. गंगटोक साधारण १,६५० मीटरवर, दार्जिलिंग २,००० मीटरच्या वर, तिथे डिसेंबरात रात्रीचा पारा पाचच्या आसपास आणि त्याखालीही जातो. छांगू तलावाला जाणार असाल तर ती जागा ३,७०० मीटरच्याही वर आहे, तिथे शून्याखालची तयारी हवी. आणि या सगळ्यात दोन दिवस तुम्ही नवरीच्या घरच्या पाहुण्या आहात, उरलेले दिवस जीपमधून फिरणाऱ्या प्रवासी.

काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील, त्या आधी सांगते. देशांतर्गत विमानांत इकॉनॉमीच्या केबिन बॅगेला साधारणपणे ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची मर्यादा असते, पण तीन प्रवास वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर तिन्ही तिकिटांवरचं वाचा आणि सगळ्यांत कडक नियम धरा. सोबतच्या पर्सचं वजन किती चालतं तेही तिथेच कळेल. दुसरं म्हणजे थंडी प्रत्येकाला वेगळी वाजते. तुम्हाला नाशिकच्या जानेवारीतही दोन स्वेटर लागत असतील तर माझ्या यादीत एक थर वाढवा. तिसरं, लग्नघरी कपडे धुवायची सोय आहे का, हे आजच मावशींना फोन करून विचारा. पुढचा सगळा हिशोब त्या एका उत्तरावर उभा आहे.

का, ते सांगते. तुम्ही यादी करताना दिवस मोजलेत: ११ दिवस, म्हणून ११ जोड. मी धुणं मोजते. कपडा अंगावरून उतरला, धुतला, वाळला आणि पुन्हा अंगावर आला, या फेरीला किती वेळ लागतो? ती फेरी एका रात्रीत होत असेल तर तीन जोडांत महिना काढता येतो. तीन दिवस लागत असतील तर पाच जोडही कमी पडतात. म्हणजे बॅगेचं वजन सहलीच्या लांबीवर ठरत नाही, कपडा वाळायला किती वेळ घेतो यावर ठरतं.

हे मला कोकणात कळलं. गणपतीनंतरचा दौरा होता, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ. पाऊस अजून गेला नव्हता. मी अगदी मोजून तीन सुती कुर्ते नेले होते, रोज रात्री एक धुवायचा आणि पंख्याखाली टाकायचा असा बेत. पहिल्या सकाळी कुर्ता ओलसर. दुसऱ्या सकाळी दोन कुर्ते ओलसर, आणि पहिल्याला कुबट वास. चौथ्या दिवशी मी प्रयोगाआधी बाजारात जाऊन मिळेल तो टी-शर्ट घेतला. कापड तेच, धुणारे हात तेच, हवा बदलली आणि सगळा हिशोब मोडला. तेव्हापासून नवा कपडा दौऱ्याला घ्यायचा तर मी आधी तो रात्री दहाला धुऊन सावलीत टाकते आणि सकाळी सहाला हात लावून बघते. शिवण, कॉलर, नाडीचा नेफा, तिथे ओल राहिली तर तो कपडा घरी राहतो. जाड सुती, डेनिम, अस्तर लावलेलं काहीही यात नापास होतं. पातळ मलमल, रेयॉनमधलं हलकं कापड, पॉलिएस्टरचं मिश्रण, पातळ लोकर हे पास होतात.

तुमच्या सहलीला हे लावून बघा. डिसेंबरातलं कोलकाता कोरडं असतं, तिथे सगळं वाळतं. डोंगरात ऊन पडलं तरी ते थोडा वेळ, आणि साध्या हॉटेलांत, होमस्टेत खोल्या गरम करायची सोय बहुतेक नसते. रात्री टाकलेला कपडा सकाळी बर्फासारखा गार असतो, आणि तो गार आहे की ओला आहे हेसुद्धा कळत नाही. म्हणून धुणं कोलकात्यात, रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एकदाच आणि भरपूर. डोंगरातल्या सहा-सात दिवसांत फक्त आतले कपडे आणि मोजे धुवा, बाकी काही नाही. ते निभावतं कशामुळे, तर थंडीत घाम कमी येतो आणि अंगाला फक्त थर्मल लागलेलं असतं. वरचा कुर्ता तीन-चार दिवस ताजा राहतो. मेरिनो लोकरीचं थर्मल मिळालं तर उत्तमच, त्याला वास लवकर धरत नाही, पण ते महाग असतं. आपल्याकडचं साधं होजिअरीचं थर्मल असेल तर वरचे दोन घ्या आणि आलटून पालटून घाला.

आतले कपडे वाळवायची एक युक्ती. सोबत टर्किश टॉवेल अजिबात नको, एक पंचा घ्या. धुतलेला कपडा पिळून झाला की पंचावर पसरा, दोन्ही मिळून घट्ट वळी करा आणि वळीवर उभं राहून पाय दाबा. उरलेलं पाणी पंचा ओढून घेतो. मग कपडा टांगला की निम्म्या वेळात वाळतो, आणि पंचा तर वाळतोच.

आता रंग आणि जुळवाजुळव, म्हणजे ज्याला हल्ली कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात ते. १९८५ साली फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या नावाने पहिलं कलेक्शन आणलं, त्याचं सूत्रच सात सोप्या कपड्यांचं होतं. अंगालगतचा एक बॉडीसूट कायम, आणि त्यावर स्कर्ट, जाकीट वगैरे बदलत जायचं. मी हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं, कारण रंगमंचावर आम्ही दुसरं काय करतो? दोन प्रवेशांमध्ये नटाला मिनिटभर मिळतो. धोतर-सदरा तसाच राहतो. वर उपरणं आलं की तो घरात आहे, कोट-टोपी आली की कचेरीला निघाला, शाल आली की आजारी आहे. प्रेक्षक माणसाला छातीच्या वर वाचतो. फोटोतही तेच होतं, लग्नाचे तुमचे फोटो बघा, कमरेखालचं किती दिसतं?

म्हणून खालचे कपडे कमी आणि गडद, वरचे थोडे जास्त, आणि चेहऱ्याजवळचं, म्हणजे ओढणी, शाल, दागिना, सगळ्यांत बदलतं. रंग तीनच. एक गडद, जो सगळ्या पॅंट आणि जाकिटाला. एक फिका, जो कुर्त्यांना. आणि एक खुलणारा, जो ओढणीला आणि शालीला. तुमच्याकडे आधीच जास्त कपडे ज्या रंगाचे आहेत तोच गडद रंग धरा, नवीन खरेदी करू नका. मी नेव्ही ब्लू धरते, काळ्यावर धूळ आणि लोकरीचा कुसळ दिसतो. तुमच्या यादीत फुलाफुलांचे तीन कुर्ते दिसले. छापील कापड सुंदर असतं, पण दोन छाप एकमेकांवर बसत नाहीत, आणि लक्षात राहतात. साध्या कुर्त्याला कोणी ओळखत नाही. एक छापील ठेवा, तोही तुमच्या तीन रंगांतला.

माझ्या हिशोबाने तुमची बॅग अशी होईल. अंगावर घालून निघायचं ते: गडद, थोडी ताणली जाणारी पॅंट (जीन्स नको, ती एकटी सहाशे-सातशे ग्रॅम भरते आणि वाळत नाही), एक कुर्ता, बूट, आणि हातावर पातळ पफर (फुगीर पण हलकं) जाकीट व शाल. बॅगेत तीन कुर्ते, एक गडद पलाझो, एक लोकरीची लेगिंग, थर्मल दोन वरचे आणि एक खालचं, एक फ्लीस (मऊ, हलकं गरम जाकीट), झोपायला एक टी-शर्ट, आतले कपडे पाच जोड, मोजे तीन जोड, लग्नासाठीचा रेशमी कुर्ता आणि भरजरी ओढणी, घडी होणारी मोजडी, पंचा. मी असाच संच घरच्या काट्यावर तोलला, कपडे-चपला मिळून ३.६ किलोच्या आसपास भरतात. साबण, क्रीम, औषधं, चार्जर मिळून ९०० ग्रॅम. रिकामी कापडी बॅग १.२ किलो. बेरीज ५.७. म्हणजे सव्वा किलोवर जागा उरते, आणि ती उरायलाच हवी, कारण मावशी तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवणार नाहीत आणि दार्जिलिंगहून चहा न घेता कोणी येत नाही.

रिकाम्या बॅगेचं वजन मुद्दाम लिहिलं. चाकांची कडक ट्रॉली रिकामीच अडीच ते तीन किलो असते. सातातले तीन तिथेच गेले. बॅग घेताना आतले कप्पे बघण्याआधी ती तोलून बघा.

बागडोगऱ्याच्या पुढची थंडी एका जाड कोटावर भागवू नका. जाड कोट एकाच हवामानाला चालतो, बाकी वेळ तो ओझं. थर्मल, कुर्ता, फ्लीस, पफर, शाल असे पाच पातळ थर असले की कोलकात्याच्या संध्याकाळी एक, गंगटोकच्या बाजारात तीन, आणि दार्जिलिंगजवळच्या टायगर हिलवर पहाटे पाचही. छांगूचा दिवस मात्र वेगळा काढा. तिथे जाताना वाटेवरच्या दुकानांत जाड जाकिटं आणि गमबूट भाड्याने मिळतात. सहलीतल्या सगळ्यात थंड चार तासांसाठी अकरा दिवस ओझं वाहायचं कारण नाही. भाड्याच्या जाकिटाच्या आत तुमची शाल गळ्याशी घ्या, म्हणजे कॉलर अंगाला लागत नाही. (त्या रस्त्याला परमिट लागतं, त्यासाठी दोघींचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि ओळखपत्राच्या प्रती पर्समध्ये ठेवा.)

आता आईंच्या साड्या. बहुतेक लोक अशा वेळी सांगतात, "आईला म्हणावं, आठवडाभर पंजाबी घाल." मी हे कधी सांगत नाही. जी बाई चाळीस वर्षं साडीत वावरली, जिना चढली, स्वयंपाक केला, बस पकडली, तिला डोंगरात जाऊन सलवारीची सवय करायला लावणं म्हणजे तिची सहल अवघड करणं. स्वतःहून त्यांना हवं असेल तर गोष्ट वेगळी. साडी ही उलट फार सोयीची वस्तू आहे. तिला माप नाही, त्यामुळे ती दोघींना होते. ती शिवलेली नाही, त्यामुळे लवकर वाळते. आणि घडी केली की पाटीसारखी सपाट होते. वजन वाढवतात ते ब्लाऊज, परकर, आणि "एक पैठणी असू दे" हा विचार.

पैठणी या वेळी घरी ठेवा, हे मी मनापासून सांगते. भरलेल्या पदराची पैठणी पाऊण किलोला सहज पोचते, जरीला घडीवर मोड पडतो, आणि लग्नानंतर आठ दिवस ती बॅगेच्या तळाशी दबून राहील. तिच्याऐवजी महेश्वरी न्या. रेशीम आणि सूत मिळून विणलेली, हातात घेतली तर ओढणीएवढी हलकी. आणि तिचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणलेला असतो, उलट-सुलट नाही. फक्त एक काळजी घ्या: फॉल लावला की एक बाजू बंद होते. नवीन साडी असेल तर नुसतं पिको करून घ्या. मग लग्नाच्या दिवशी ती आई नेसतील. रिसेप्शनला तुम्ही नेसा, दुसऱ्या बाजूने, तुमच्या ब्लाऊजवर, पदर वेगळा काढून. त्या दिवशी आई नारायणपेठ नेसतील. तुम्ही लग्नाच्या दिवशी रेशमी कुर्ता आणि ती भरजरी ओढणी. दोन समारंभ, दोघी जणी, आणि खास समारंभासाठी म्हणून बॅगेत जास्तीचं काय गेलं? एक कुर्ता, एक ओढणी, दोन साड्या आणि तुमचा ब्लाऊज. रेशमी कुर्ता पुढे दार्जिलिंगला फ्लीसच्या आत घाला, रेशीम ऊब देतं.

कपडेपटातली सवय म्हणून रेशमी कुर्त्याला आणि समारंभाच्या ब्लाऊजना काखेत सुती घामपट्ट्या लावून घ्या, टाचून, म्हणजे काढता येतील. आम्ही प्रत्येक भरजरी कपड्याला लावतो. घाम पट्टी पिते, रात्री पट्टी धुवायची, कपड्याला पाणी लावायचं नाही.

ब्लाऊजचं गणित नीट करा, साडीच्या बॅगा इथेच फुगतात. साडीगणिक ब्लाऊज नको. एक मरून किंवा काळ्या खणाचा ब्लाऊज, तो महेश्वरीवरही चालतो आणि नारायणपेठवरही, आणि समारंभाला शोभतो. दोन साधे सुती, गडद. आणि डोंगरासाठी दोन लांब बाह्यांचे, बंद गळ्याचे लोकरीचे ब्लाऊज. थंड प्रदेशातल्या साडी नेसणाऱ्या बायका पूर्वापार हेच घालतात आणि हिवाळ्यात लोकरीच्या दुकानांत ते मिळतात. मिळाले नाहीत तर अंगाबरोबर बसणारा पातळ लोकरीचा गोल गळ्याचा स्वेटर ब्लाऊजच्या जागी चालतो, त्यावर पदर छान बसतो. साड्या एकूण चार: महेश्वरी, नारायणपेठ, आणि रोजच्यासाठी दोन जॉर्जेट किंवा क्रेप. त्यातली एक अंगावर. सुती कडक साडी डोंगरात नको, दवात ती लुळी पडते आणि वाळत नाही.

गंगटोकला साडी कशी नेसायची हेही सांगते, कारण थंडी खालून शिरते. आत लोकरीची लेगिंग, त्यावर परकर, त्यावर साडी. परकर सुतीच ठेवा. कोरड्या थंडीत जॉर्जेट थेट लोकरीवर आली तर पायाला चिकटते आणि चटचट करते, मध्ये सूत असलं की तो त्रास होत नाही. साडी रोजच्यापेक्षा दोन बोटं वर नेसा. पायऱ्या ओल्या असतात, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचा पाय काठात अडकणं हा खरा धोका आहे. निऱ्यांना आतून एक पिन. पायात मोजे आणि न घसरणाऱ्या तळाचे स्पोर्ट्स शूज. साडीवर बूट कसे दिसतील असं आईंना वाटेल, तर घरी एकदा आरशात दाखवा. गडद बूट काठाखाली दिसतच नाहीत. आईंची बॅगही अशाने साधारण पावणेसहा किलोत बसते, त्यात पर्समधल्या औषधांचा अर्धा किलोही धरला आहे.

औषधं, दागिने आणि पॉवर बँक यांबद्दल एवढंच: तिन्ही वस्तू आईंच्या पर्समध्ये, पायाशी. कधी विमान भरलेलं असतं आणि दारात केबिन बॅगा मागून घेऊन खाली सामानात टाकतात. तसं झालं तर पर्स हातात राहते, आणि पॉवर बँक तर खाली पाठवायला परवानगीच नाही.

बॅग भरताना मी गाठोडं करते. आपल्या आज्या धुणं बांधायच्या तसंच, फक्त विचार करून. सगळ्यात चुरगळणारा कपडा, म्हणजे महेश्वरी, पातळ मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून सगळ्यांत बाहेर. त्याच्या आत रेशमी कुर्ता आणि ओढणी, मग बाकी कुर्ते, मग पॅंट, आणि अगदी मध्ये मोजे आणि आतल्या कपड्यांची मऊ गुंडाळी. एकेक कपडा त्या गाभ्याभोवती वळत न्यायचा. कुठे धारदार घडी पडत नाही, म्हणून मोड पडत नाही. इस्त्री लागलीच तर आंघोळीच्या वेळी गरम पाण्याच्या वाफेत कपडा टांगून ठेवा, पाच मिनिटांत हात फिरवला की बसतो. हवा काढून दाबायच्या प्लॅस्टिक पिशव्या आणू नका. त्या जागा वाचवतात आणि तुमची अडचण वजनाची आहे. शिवाय जागा उरली की माणूस आणखी भरतो, आणि दाबलेलं रेशीम सरळ करता करता पुरेवाट होते. सामान वेगळं ठेवायला जुने उशीचे अभ्रे वापरा, फ्लीस कोंबली की रात्री त्याचीच उशी होते.

निघायच्या आधीच्या शनिवार-रविवारी रंगीत तालीम करा. हे मी नाटकाच्या नटांनाही सोडत नाही आणि तुम्हालाही सोडणार नाही. दोघींच्या बॅगा पूर्ण भरा, कपाट बंद करा आणि दोन दिवस फक्त बॅगेतून कपडे घाला. शनिवारी रात्री एक कुर्ता, आईंचा एक ब्लाऊज आणि एक परकर धुऊन टाका. रविवारी सकाळी काय ओलं आहे ते बघा. आईंना नव्या ब्लाऊजमध्ये हात वर करता येतो का, लेगिंगवर परकर घट्ट होतो का, बूट घालून जिना उतरता येतो का, हे सगळं त्या दोन दिवसांत कळेल. जो कपडा दोन दिवसांत एकदाही बॅगेतून बाहेर काढावासा वाटला नाही, तो बहुधा अकरा दिवसांतही निघणार नाही. तो काढून ठेवा. आणि भरलेली बॅग पाठीवर घेऊन, मग बॅगेशिवाय, असं दोनदा वजनकाट्यावर उभं राहा. वजाबाकी सातच्या आत हवी.

राहिला ट्रॉलीचा प्रश्न. मुंबई आणि कोलकात्याच्या विमानतळावर चाकं बरी, पण तिथे विमानतळाची ढकलगाडी असते. गंगटोकच्या एम. जी. मार्गावर फरशी आहे, त्यानंतर चढ आणि पायऱ्याच. सहा किलोची ट्रॉली एका हातात उचलून पायऱ्या चढताना शरीर एका बाजूला झुकतं आणि गुडघ्यांवर भार सारखा राहत नाही. म्हणून दोन्ही पाठीवरच्या बॅगा घ्या, कमरेला पट्टा असलेल्या. साडीवर पाठीची बॅग घेताना पदर आधी कमरेला खोचायचा आणि मग पट्टे, नाहीतर खांद्यावरच्या पिनपाशी साडी फाटते. आणि ज्या होमस्टेला जिना मोठा आहे तिथे दोन खेपा करा: आधी आई फक्त पर्स घेऊन, रेलिंग धरून वर जातील, मग तुम्ही खाली येऊन त्यांची बॅग न्याल. बॅग सहा किलोची असली की दुसरी खेप जड जात नाही.